ट्रॅव्हर्स काही केल्या जुळत नाही : कॅसिओ ९९१ ईएक्स शिकायला मदत हवी आहे

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातली, सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गावावरून रोज एसटीनं जाणं-येणं, त्यामुळे रात्री अभ्यासाला बसलं की विचारायला जवळ कोणी नसते.

एका सिनियर ताईकडून कॅसिओ एफएक्स-९९१ ईएक्स कॅल्क्युलेटर जुना घेतला, ६०० रुपयांत. सोबतची पुस्तिका तिच्याकडूनही हरवलेली. बाबांनी हातात घेऊन पाहिला आन् म्हणाले, "एवढे बटनं कायले? आपल्या मोटरच्या स्टार्टरले दोनच असतेत." मी हसले, पण खरं सांगायचं तर मीसुद्धा त्यातली दहा-बाराच वापरते.

आता अडचण. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला पाच रेषांचा बंद ट्रॅव्हर्स (म्हणजे एकापुढे एक रेषा मोजत पुन्हा सुरुवातीच्या बिंदूवर येणं) घेतला, प्रिझ्मॅटिक कंपास आणि टेपनं. पहिली रेषा ४८.६० मीटर, बेअरिंग (उत्तरेपासून मोजलेला कोन) १२७°३०'. लॅटिट्यूड, म्हणजे रेषा उत्तरेकडे किती सरकली ते, लांबी गुणिले बेअरिंगचा कॉस. माझं उत्तर येते −२०.३५. दुसऱ्या गटानं हेच रीडिंग घेऊन −२९.५९ काढलं. पाचही लॅटिट्यूडची बेरीज शून्याच्या आसपास यायला पाहिजे, माझी शून्याच्या जवळपासही फिरकत नाही. गटातले पोट्टे म्हणतात तूच कंपास वाकडा धरला. मी नाही धरला. फोर बेअरिंग आणि बॅक बेअरिंगमध्ये (रेषेच्या एका टोकाकडून आणि उलट टोकाकडून घेतलेलं) १८०° चा फरक नीट येत आहे.

कॅल्क्युलेटर बिघडला का? आणि असा कॅल्क्युलेटर परीक्षेत चालतो का? दुसरा घ्यायला आता पैसे नाहीत.

निवृत्त ओव्हरसियर, वर्धा

बेटा, फोर आणि बॅक जुळते म्हणजे कंपास बरोबर आहे, आजूबाजूला लोखंडाचा खांबही नाही. पोट्ट्यांना सांग तसं. आता एक कर : नुसतं साइन ३० दाब आणि काय येते ते पूर्ण आकड्यांसह इथं लिही. ०.५ नको लिहू, जे दिसते ते लिही.

धागाकर्ती

काका, ०.४५३९९०४९९७ येते.

निवृत्त ओव्हरसियर, वर्धा

सापडलं. स्क्रीनच्या वरच्या पट्टीत बारीक इंग्रजी 'जी' दिसत असेल. तुझा कॅल्क्युलेटर ग्रेडियनमध्ये आहे. अंशात काटकोनाचे ९० भाग, ग्रेडियनमध्ये १००. म्हणून तू ३० टाकलेस, त्यानं २७ अंश समजून घेतले. तुझे १२७.५ त्याला ११४.७५ अंश वाटले. प्रत्येक बेअरिंग दहा टक्क्यांनी आखूड झालं, मग बंद व्हायची आकृती उघडीच राहणार. बिघाड काही नाही. रेडियनमध्ये (कोनाचं तिसरं एकक) असता तर साइन ३० चं उत्तर उणे आलं असतं आणि तुला तेव्हाच शंका आली असती. ग्रेडियनची उत्तरं खऱ्यासारखी दिसतात, तोच त्याचा त्रास.

शिफ्ट, मेनू (म्हणजे सेटअप), मग २, मग १. वर 'डी' आला की झालं. रोज पेपर सोडवायच्या आधी साइन ३० करून पाहायची सवय लाव. आमच्या वेळी लॉग टेबल होतं, त्याला मोड नव्हता, पण ओळ चुकायची. ते असो.

साइटवरचा, पुसद

काकांनी रोग सांगितला, मी शॉर्टकट सांगतो. कॉस वेगळा, साइन वेगळा कशाला करता ताई? शिफ्ट दाबून वजा म्हणजे 'रेक', तो लांबी आणि कोनावरून दोन्ही एकदम काढतो; शिफ्ट दाबून अधिक चिन्ह म्हणजे 'पोल', तो त्याच्या उलट. स्वल्पविराम शिफ्ट आणि बंद कंसात आहे, तो शोधण्यातच माझे दोन दिवस गेले होते.

रेक, ४८.६, स्वल्पविराम, १२७, अंशाचं बटण, ३०, अंशाचं बटण, कंस बंद, बरोबरचं चिन्ह. एक्स −२९.५८६, वाय ३८.५५७. एक्स तुमचं लॅटिट्यूड, वाय डिपार्चर, म्हणजे पूर्वेकडे किती सरकली ते. दोन्ही आपोआप एक्स आणि वाय या मेमरीत जातात, पण पुढची रेषा केली की मागचं पुसलं जाते. म्हणून सुरुवातीला ए आणि बी मध्ये शून्य भरा. प्रत्येक रेषेनंतर 'ए अधिक एक्स' करून एसटीओ (साठवायचं बटण) ए, 'बी अधिक वाय' करून एसटीओ बी. पाच रेषा संपल्या की ए आणि बी म्हणजे तुमच्या बेरजा. शेवटी पोल(ए, बी) केलं की क्लोजिंग एरर, म्हणजे आकृती किती उघडी राहिली ते, हातात.

पोल वापरताना उत्तर दिशेचा आकडा आधी, पूर्वेचा नंतर. उत्तरेचा १२ आणि पूर्वेचा −३५ असेल तर अंतर ३७ आणि कोन −७१°४'३१" येतो. उणे आला तर ३६० मिळवा, २८८°५५'२९". पूर्वेचा आधी टाकला तर १६१°४' येते, आणि दिसायला तेही बेअरिंगच दिसते. मी असंच एकदा शेततळ्याचा कोपरा भलतीकडे खुणावला होता. जेसीबी यायच्या आधी लक्षात आलं म्हणून वाचलो.

रात्रीचा विद्यार्थी

एक सावधानी माझ्याकडून. १ ÷ २√३ असं टाकलं तर ९९१ ईएक्स स्वतः कंस घालून १ ÷ (२√३) करतो, उत्तर ०.२८८७. अर्धा गुणिले √३ हवं असेल तर मध्ये गुणाकाराचं चिन्ह दाबावं लागते. उत्तर वर्गमुळात किंवा अपूर्णांकात आलं तर एस-डी दाबा, दशांशात येते. परीक्षेचं म्हणाल तर आपल्या बोर्डाच्या पेपरवर नॉन-प्रोग्रामेबल कॅल्क्युलेटर चालेल असं छापलेलं असते, आणि हा नॉन-प्रोग्रामेबलच आहे. गेट या प्रवेश परीक्षेला मात्र स्वतःचा नेता येत नाही, तिथं स्क्रीनवरचाच वापरावा लागतो.

धागाकर्ती

काका, दादा, जमलं! वर खरंच 'जी' होता, मला वाटलं बॅटरीची खूण असेल. पुन्हा पाचही रेषा केल्या : ए ०.३१, बी −०.१८. पोलनं ०.३५८ मीटर. घेरा २१२.४० मीटर, म्हणजे ५९२ ला एक (५९२ मीटरमागे एक मीटर चूक). हे चालते का?

निवृत्त ओव्हरसियर, वर्धा

कंपासच्या कामात ३०० ते ६०० ला एक चालते. तू वरच्या टोकाला आहेस. कंपास कोणी धरला होता ते आता त्या पोट्ट्यांनाच विचार.

नवीन सदस्य

धागा वाचून मीपण करून पाहिलं, पण माझ्याकडे जुना ९९१ एमएस आहे. रेक केल्यावर एकच आकडा दिसते, दुसरा कुठं गेला?

साइटवरचा, पुसद

एमएसमध्ये दोन्ही उत्तरं ई आणि एफ मध्ये बसतात, एक्स-वायमध्ये नाही. आरसीएल (साठवलेलं परत आणायचं बटण) आणि एफ दाबा, डिपार्चर तिथं आहे.