एकाच नावाची इतिहासातली माणसं : तुमचे अनुभव सांगा

मोरपीस
रविवारी थेऊरला गेलो होतो. चिंतामणीचं दर्शन झाल्यावर नदीकाठी रमाबाईंच्या स्मारकाशी थांबलो. शेजारच्या एक काकू नातवाला सांगत होत्या, "ह्या पंडिता रमाबाई, खूप शिकलेल्या होत्या." नातू हात जोडून उभा. मला गलबलून आलं. थेऊरच्या रमाबाई माधवराव पेशव्यांच्या पत्नी. माधवराव 1772 च्या नोव्हेंबरात क्षयाने गेले आणि त्या तिथेच सती गेल्या. पंडिता रमाबाई 1858 च्या. स्वतः विधवा, आणि 1889 साली विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं ते त्यांनी. एक चितेवर गेली, दुसरीने तशाच बायकांना हाताला धरून शाळेत बसवलं. ह्या दोघींची सरमिसळ झालेली मला बघवत नाही.

आमची आजी रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' दुपारी मोठ्याने वाचायची. आम्ही नुसतं 'रमाबाई' म्हटलं की वाचन थांबायचं. "कुठल्या? आडनाव लाव." आणि आडनाव लावल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही.

तुमच्याकडे असे किस्से असतील तर लिहा.

उकडीचे_मोदक
आनंदीबाई!! ताईला मुलगी झाली तेव्हा भाओजींना 'आनंदी' ठेवायचं होतं. त्यांच्या आजीने सपशेल नकार दिला. 'ध चा मा' करणारीचं नाव माझ्या पणतीला नको म्हणे. नारायणरावाचा खून 1773 चा, आणि बारसं अडलं आमच्या डोंबिवलीत 😄 शेवटी भाओजींनी डॉक्टर आनंदीबाई जोशींचा फोटो आणून दाखवला. त्या जन्माने कल्याणच्या, म्हणजे आमच्या शेजारच्याच. मग आजी विरघळल्या.
कुकर लावलाय, नंतर येते.

जर्सीकर
डॉ. आनंदीबाईंचा विषय निघालाच आहे तर. त्यांच्या अस्थी इकडे न्यूयॉर्क राज्यात पुकिप्सीच्या दफनभूमीत आहेत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत. आम्ही दोघं मुलांना घेऊन गेलो होतो. दगड लहानच आहे. 1886 ला डॉक्टर झाल्या, 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यात गेल्या, वय 21. बायको तिथे बराच वेळ बसून राहिली.
आणि त्यांच्या पदवीदान समारंभाला फिलाडेल्फियाला कोण आलं होतं? पंडिता रमाबाई. नात्यातल्याच होत्या दोघी.

मोरपीस
@जर्सीकर, हे वाचून काटा आला अंगावर. अजून एक सांगते. आनंदीबाईंचं माहेरचं नाव यमुना. रमाबाई रानड्यांचंही माहेरचं नाव यमुना! दोन यमुना सासरी गेल्या आणि एक आनंदी झाली, एक रमा. नावं सारखी होण्यामागे हेही एक कारण आहे. लग्नात नाव बदलायचं आणि ठरावीक चारदोन नावांतलंच ठेवायचं.

गोदाकाठ
तिसऱ्या आनंदीबाई राहिल्या. आनंदीबाई कर्वे, म्हणजे बाया. माहेरची गोदू. शारदा सदनातल्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी, आणि 1893 ला धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह. म्हणजे पंडितेच्या शाळेतून आनंदीबाई निघाल्या. कसं सगळं एकमेकांत गुंतलंय बघा.

रंकाळा
आमच्या कोल्हापूरचं बोलूया का. मी स्पर्धा परीक्षेची शिकवणी घेतो. दर वर्षी एक तरी उत्तरपत्रिका असते, 'राजर्षी शाहूंनी 1720 साली बाजीरावास पेशवेपद दिले'. अरे बाबा, ते सातारचे शाहू, संभाजीराजांचे चिरंजीव. 1689 ला मोगलांच्या कैदेत गेले, 1707 ला सुटले, 1749 ला वारले. राजर्षी 1874 चे. जन्मनाव यशवंतराव, कागलकर घाटग्यांचे. 1884 ला दत्तक आले तेव्हा शाहू झाले. आणि गंमत म्हणजे त्यांना दत्तक घेणाऱ्या राणीसाहेबांचं नाव आनंदीबाईच!
मी पोरांना सांगतो की कोल्हापूरची गादी उभी राहिली तीच सातारच्या शाहूंशी भांडून. 1731 ला वारणेचा तह झाला तेव्हा कुठे मिटलं. एवढं ध्यानात ठेवलं की दोन शाहू आयुष्यात परत एक होत नाहीत. आणि 1902 चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम ज्यांनी काढला त्यांचं श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर जाऊ देऊ नका, एवढी कळकळ आहे.

उकडीचे_मोदक
वारणेच्या तहात समोर कोल्हापूरचे संभाजी ना? म्हणजे तिथेही संभाजी आलेच.

रंकाळा
हो ताई. आणि शिवाजी महाराजांचे थोरले बंधूही संभाजीच. कनकगिरीला पडले. संभाजी तीन तरी धरा.

बोरीबंदर_लोकल
मी घाटकोपरच्या रमाबाई नगरातला. आमच्यात गोंधळ होतच नाही कारण आम्ही रमाई म्हणतो. रमाई म्हटलं की एकच. दापोलीजवळच्या वणंदच्या. बाबासाहेब परदेशात शिकत होते तेव्हा गोवऱ्या थापून संसार ओढला, पोटची लेकरं एकामागून एक गेली, यशवंत तेवढे जगले. 27 मे 1935 ला राजगृहात गेल्या. 'थॉट्स ऑन पाकिस्तान' बाबासाहेबांनी रामूला अर्पण केलंय, रामू म्हणजे रमाईच. आमची आई लिहायला शिकली ती प्रौढ वर्गात. स्वतःच्या नावानंतर तिने पाटीवर दुसरं लिहिलं ते रमाई.
ऑफिसातल्या एकीने विचारलं होतं, रमाबाई नगर म्हणजे रानड्यांच्या का? शांतपणे सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं, मग एकदा घरी पण आली.

मोरपीस
आईंना नमस्कार सांगा 🙏

शेवगा_शेंग
पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन केडगावला आहे ना? मामा बघायला म्हणून निघाले आणि नगरच्या केडगावला उतरले, रेणुकादेवीच्या. देवीचं दर्शन घेऊन परत 😄

भीमथडी
@शेवगा_शेंग, मिशनचं केडगाव दौंड तालुक्यात. पुणे-दौंड मार्गावर स्टेशनच आहे, गाडीने या. माझी पणजी तिथे राहिलेली. तिच्या तोंडून ऐकलंय की बाई बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या आणि त्याचा छापखाना मुलीच चालवायच्या. पणजी शेवटपर्यंत खिळे जुळवणारीची बोटं घेऊन जगली, तांदूळ निवडताना कळायचं.

गोदाकाठ
छापखान्यावरून आठवलं. 'दर्पण' काढणारे जांभेकर (1832) आणि 'केसरी'वाले टिळक, दोघंही बाळ गंगाधर. पत्रकार दिनाला आमच्या वाचनालयात कुणीतरी टिळकांच्या फोटोला हार घातला होता. दिन जांभेकरांचा.

पोळपाट
मुक्ताबाई कुणी घेतल्या नाहीत अजून? ज्ञानेश्वरांची बहीण सगळ्यांना माहीत. मी सातवीला शिकवते, मी मुक्ता साळवे पण घेते. फुल्यांच्या शाळेतली मुलगी, 1855 ला 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, वय साधारण चौदा. वर्गात वाचला तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, बाई, ही तर माझ्याएवढीच. त्या दिवशी तिने वही मागून घेतली आणि अख्खा निबंध उतरवून काढला.

रंकाळा
@पोळपाट, तो निबंध टाईप केलेला असेल तर टाका ना इथे. पोरांना देतो.

पोळपाट
शाळेतल्या कपाटात आहे. सोमवारी टाकते.