नकार देता येत नसेल तर मोबदल्याला न्याय म्हणायचं का?

मावळा_पुणे:
१९२१ साली सेनापती बापटांसोबत मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. टाटांच्या धरणात त्यांची भातखाचरं बुडणार होती आणि वीज जाणार होती मुंबईला. मोबदल्याची बोलणी झाली, पण 'जमीन देत नाही' म्हणण्याचा हक्क १८९४ च्या भूसंपादन कायद्याने कुणालाच दिला नव्हता. इंग्लिश तत्त्वज्ञ बेंथमचा 'जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख' हा हिशेब बेरीज चोख करतो, पण कुणाच्या ताटातलं गेलं ते विचारत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खासगी प्रकल्पाला ८० टक्के बाधितांची संमती लागते. सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला मात्र नाही. ही सूट मला अन्यायाची वाटते.

हिशेबी:
अजिबात पटत नाही. एका गटनंबराने अडवलं की कालवा तिथेच थांबतो आणि खालची गावं कोरडी राहतात. त्यांना हक्क नाहीत? आणि मालकी इतकी पवित्र मानली, तर कुळकायदा कसा टिकला असता? कुळांना जमिनी मिळाल्या त्या जमीनदारांच्या संमतीने नव्हे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला, ते योग्यच झालं.

मावळा_पुणे:
कुळकायद्याचा मुद्दा बिनतोड आहे. पण तिथे जमीन कसणाऱ्याकडे गेली, धरणात ती कसणाऱ्याकडूनच जाते. तत्त्वज्ञ रॉल्सची कसोटी लावा: आपला जन्म धरणाच्या वर होणार की खाली हे ठाऊक नसताना तुम्ही हाच नियम कराल?

बुडीत_गाव:
आमचं गाव धरणात गेलं. मे महिन्यात पाणी उतरलं की देवळाचं जोतं उघडं पडतं, आई तिथे नारळ ठेवून येते. बदली जमीन मिळाली ती मुरमाड, तीही वडिलांनी अकरा वर्षं हेलपाटे घातल्यावर. लाभक्षेत्रात, म्हणजे धरणाचं पाणी मिळतं तिथे, जमीन द्यायची तरतूद राज्याच्या १९७६ च्या पुनर्वसन कायद्यात होतीच की! मला नकाराधिकार नको. आधी पुनर्वसन, मगच धरण. एवढा क्रम पाळला असता तर वडील सुखाने गेले असते.

हिशेबी:
हा क्रम मला शंभर टक्के मान्य आहे, तुमच्यावर अन्यायच झाला. पण लाभक्षेत्रातली ती जमीनही कुणा शेतकऱ्याकडूनच घ्यावी लागते. मावळा, त्याने 'देत नाही' म्हटलं तर?