मदत हवी आहे: पावसात बॅटरी आयटीव्हीचं चार्जिंग इन्सुलेशन फॉल्टवर तुटतं

उरणजवळच्या कंटेनर यार्डात चार बॅटरी आयटीव्ही (यार्डातल्या यार्डात कंटेनर ओढणारे ट्रक) आहेत. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी पॅक, सुमारे 600 व्होल्ट, डीसी फास्ट चार्जिंगची सीसीएस-2 गन. पावसाळी पहाटे त्यातल्या एकाच गाडीचं चार्जिंग तुटतं. केबल चेक (चार्जिंग सुरू होण्याआधी चार्जर करतो ती इन्सुलेशन चाचणी) नीट होतो. गाडीचे कॉन्टॅक्टर (पॅक चार्जरला जोडणारे स्विच) बसले की दोनेक मिनिटांत इन्सुलेशन फॉल्ट, म्हणजे बॉडीकडे करंटची गळती, दाखवून ट्रिप. म्हणून गन-केबलवर माझा संशय नाही. तरीही चार्जर बदलून पाहिला, इनलेटच्या पिनांवरचा हिरवट थर काढून ब्लोअरने सुकवलं. काही फरक नाही. दुपारी ऊन पडलं की तीच गाडी मुकाट पूर्ण चार्ज होते!

पॅक उघडता येणार नाही, वॉरंटी जाईल. सर्व्हिस प्लग (हाय-व्होल्टेज तोडणारा प्लग) काढून एसी कॉम्प्रेसर, हायड्रॉलिक पंपाची मोटर, डीसी-डीसी कन्व्हर्टर वेगळे करता येतात. मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) 500 व्होल्टचा आहे. आधी कुठली शाखा मोजू? आणि चार्जिंगच्या वेळी गाडीचा स्वतःचा इन्सुलेशन मॉनिटर (गळतीवर सतत लक्ष ठेवणारं उपकरण) बंद होतोय की चार्जरच्या मॉनिटरशी भांडतोय, हे कसं तपासायचं?