गोकाकला जाताना पहाटे केलेला भात दुपारी २ पर्यंत चालतो का?

शहापूरची वैनी:
पुढच्या रविवारी आम्ही घरचे २२ जण गोकाक फॉल्सला चाललोय, पाणी मस्त पडायलंय म्हणतात. सासूबाई म्हणतात मसालेभात नि दहीभात पहाटे ४ ला करून पातेल्यातच झाकून न्यायचा, आणि जेवायला २ तरी वाजणार. पण गेल्या एळ्ळ अमावस्येला शेतात असाच भात नेलेला, आणि ५ वाजायच्या आत सहाजणांना उलट्या, धाकट्याला तर रात्री सलाइन लावायला लागलं. भाताला वास नव्हता, चव पण बरोबर होती. मग झालं कशानं? या वेळी लहान पोरं पाच आहेत, मला खरंच भीती वाटायलीय.

खानापूरची अक्का:
भात कशाला ओ वैनी? ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, कारळ्याची चटणी, कांदा, झालं की. आमच्या आईचं शेतावरचं गठुडं हेच असायचं, पाण्याचा अंश नाही त्याला काय होत नाही. गोडाला गोकाकचा करदंट तिथंच घ्या.

टिळकवाडी मेसवाला:
अक्कांचं एकदम बरोबर. वैनी, १४ वर्षं मेस चालवतोय म्हणून सांगतो, तुमच्याकडं झालं ते बहुतेक भातानंच. तांदळात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू असतो, त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात पण मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष सोडतात, ते विष परत गरम करून पण जात नाही, आणि वास नाही चव नाही, त्यामुळं चाखून कळणार कसं? मोठं पातेलं झाकून ठेवलं की मधला भात तासन् तास कोमटच राहतो, तोच खरा धोका. ५ ते ६० डिग्रीच्या मधे जेवण २ तासांच्या वर ठेवायचं नाही, हवा ३२ च्या वर तापली असेल तर १ च तास. तुमचे होतायत १० तास! भात पाहिजेच असेल तर आदल्या दिवशी करून लगेच परातीत पातळ पसरायचा, निवला की फ्रीजमधे, आणि नेताना बर्फाच्या पेटीत. आणि कालवायला हात नको, डाव वापरा, हाताला जखम असेल त्याला तर वाढायला पण लावू नका.

निपाणीचा पोरगा:
आम्ही चिकनला मसाला लावून नेतो आणि तिथं चुलीवर करतो, ते चालतं ना काका?

टिळकवाडी मेसवाला:
जिथं चूल पेटवू देतात तिथं चालतं, पण कच्चं चिकन घट्ट झाकणाच्या डब्यात, बर्फात, सगळ्यात खाली. त्याच्या रसाचा एक थेंब कोशिंबिरीवर पडला तरी पुरे. ते पातेलं, ती सुरी धुतल्याशिवाय दुसऱ्याला लावायची नाही, आणि आतला गुलाबीपणा पूर्ण गेला पाहिजे. नदीच्या पाण्यानं भांडी धुवायची नाहीत, पावसात घटप्रभा सगळीकडची घाण घेऊन येते. लादीचा बर्फ बाटल्यांच्या बाहेरून, सरबतात नाही.

खानापूरची अक्का:
पोरांसाठी १ लिटर उकळून गार केलेलं पाणी वेगळं ठेवा, कुणाला जुलाब लागले तर त्यात ६ सपाट चमचे साखर नि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा हं. घोट घोट पाजत दवाखाना गाठायचा.

शहापूरची वैनी:
सासूबाईंना आत्ताच सगळं वाचून दाखवलं. त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या भाकरी मीच थापते. ४० कडक भाकरी ठरल्या. उकडलेली अंडी सोलून न्यावी की सालासकट?

टिळकवाडी मेसवाला:
सालासकट, आणि बर्फात. सोलायचं तिथंच, हात साबणानं धुवून.