सत्तरीनंतर मांडी घालून जमिनीवर बसणे पुन्हा जमू शकते का?

ओसरी :

माझ्या वडिलांचे वय 71 आहे. मधुमेह नाही, रक्तदाबाची एक गोळी रोज चालू आहे आणि सकाळी ते अर्धा-पाऊण तास फिरून येतात. चालण्याबद्दल त्यांची काहीही तक्रार नसते. परंतु जमिनीवर बसणे त्यांनी जवळजवळ सोडून दिले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी घराची दुरुस्ती झाली तेव्हा जेवायला टेबल आले, शौचालयात कमोड बसला, बैठकीच्या खोलीतली गादी आणि लोड जाऊन सोफा आला, आणि त्यानंतर जमिनीपर्यंत जाण्याचे कारणच घरात उरले नाही. आता सत्यनारायणाला पाटावर बसायची वेळ आली की मांडी नीट घातली जात नाही, गुडघे वर राहतात, पाठीला बाक येतो आणि उठताना दोघांनी हात द्यावा लागतो. चारचौघांत असे उठवून घ्यावे लागते म्हणून त्यांनी हल्ली अशी निमंत्रणे टाळायला सुरुवात केली आहे, आणि मला खरी काळजी त्याची वाटते.

नात्यातले काही जण म्हणतात की त्यांना रोज जेवताना खाली बसवा, गुडघे आपोआप मोकळे होतील. शेजारचे एक गृहस्थ मात्र ठामपणे सांगतात की साठीनंतर मांडी घातली की गुडघे झिजतात. यांपैकी कोणाचे ऐकावे? आणि या वयात ही हालचाल परत मिळवता येते का?

मणका :

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत साठीच्या पुढचे लोक अधिक असतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या वर्णनात दोन वेगवेगळ्या अडचणी आहेत. मांडी घालता न येणे ही सांध्यांच्या लवचिकपणाची अडचण आहे आणि खालून उठता न येणे ही मुख्यतः ताकदीची आहे. दोन्ही एकाच वेळी दिसतात म्हणून लोक त्यांना एकच समजतात आणि मग नुसते बसण्याचा सराव करतात. त्याने दुसरी अडचण सुटत नाही. माझ्या मते यांतली उठण्याची अडचण अधिक महत्त्वाची आहे. मांडी घालता आली नाही तरी आयुष्य चालते, पण जमिनीवरून स्वतः उठता येणे ही वृद्धपणात स्वावलंबी राहण्यासाठी फार मोलाची गोष्ट आहे.

रोज फिरणाऱ्या माणसाला उठता का येत नाही, याचे उत्तर सोपे आहे. सपाट रस्त्यावर चालताना गुडघा साधारण 60 अंशांपर्यंतच वाकतो. खुर्चीतून उठताना तो 90 अंशांच्या आसपास वाकलेला असतो आणि उकिडवे बसल्यावर 130 अंशांच्याही पुढे जातो. म्हणजे कितीही फिरले तरी जमिनीवरून उठण्यासाठी लागणाऱ्या स्थितीत मांडीच्या आणि नितंबांच्या स्नायूंना काम पडतच नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचे प्रमाण साधारण 3 ते 8 टक्क्यांनी घटत जाते आणि साठीनंतर ही घट वाढते. सोफा, कमोड आणि टेबल यांच्यावर भागत असले की ही घट कोणाच्या लक्षात येत नाही.

ती भरून काढता येते का? येते. बॉस्टनमध्ये झालेल्या आणि 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वृद्धाश्रमातल्या 86 ते 96 वर्षे वयाच्या दहा जणांना पायांच्या ताकदीचा जोरकस व्यायाम आठ आठवडे दिला गेला होता, आणि ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली होती. अभ्यास लहान होता, परंतु नव्वदीतले स्नायूही व्यायामाला प्रतिसाद देतात हे त्यातून स्पष्ट झाले. तुमचे वडील तर त्यांच्यापेक्षा बरेच तरुण आहेत.

सुरुवात खुर्चीपासून करावी. हात नसलेली, भिंतीला टेकवलेली पक्की खुर्ची घ्यावी, दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवावेत आणि 30 सेकंदांत पूर्ण उभे राहून पुन्हा बसणे किती वेळा जमते ते मोजावे. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाला बारापेक्षा कमी आणि त्याच वयाच्या स्त्रीला दहापेक्षा कमी वेळा जमले, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे मानतात. आकडा काहीही येवो, हीच कृती पुढे व्यायाम म्हणून चालू ठेवावी. मात्र बसताना धपकन अंग टाकू नये. मनात चार अंक मोजत सावकाश खाली जावे, कारण ताकद वाढते ती या सावकाश खाली जाण्यात. हे सहज जमू लागले की खुर्चीऐवजी चौरंग घ्यावा, मग एकावर एक दोन पाट, मग एकच पाट. घाई करू नये आणि एक दिवसाआड केले तरी पुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 सालच्या मार्गदर्शक सूचनाही 65 वर्षांवरील लोकांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांचे व्यायाम करायला सांगतात.

आता मांडीविषयी. मांडी घालताना मुख्य वळण खुब्यात पडते, तिथे मांडीचे हाड बाहेरच्या बाजूला फिरते. खुबा आखडलेला असला की ते वळण गुडघ्यावर येते, आणि गुडघा हा प्रामुख्याने पुढे-मागे वाकण्यासाठी घडलेला सांधा असल्याने त्याच्या आतल्या बाजूला कळ येऊ लागते. म्हणून वर राहिलेला गुडघा हाताने खाली दाबणे हे सर्वांत चुकीचे काम आहे, आणि पूजेला बसलेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत घरातले लोक नेमके तेच प्रेमाने करतात! त्याऐवजी बैठक उंच करावी. घडी घातलेले घोंगडे किंवा घट्ट उशी घेऊन तिच्या कडेवर बसले की कंबर गुडघ्यांपेक्षा वर येते, कटिभाग मागे ढळत नाही आणि पाठीचा बाक बराचसा आपोआप कमी होतो. पाटावर घोंगडे ठेवून बसले म्हणून पूजेत काही उणे पडत नाही.

उठण्याची रीतही शिकवावी लागते, कारण बहुतेक जण मांडीवरूनच सरळ वर उठू पाहतात आणि अडकतात. एका कुशीकडे वळून दोन्ही हात जमिनीवर टेकावेत, रांगण्याच्या स्थितीत यावे, एक पाऊल पुढे पूर्ण टेकवावे, जवळच्या खुर्चीवर किंवा त्याच मांडीवर हात रोवावा आणि पुढे झुकून उठावे. हात दोघांनी ओढून उठवण्यापेक्षा शेजारी एक पक्की खुर्ची ठेवणे केव्हाही चांगले, कारण ओढल्याने खांदा दुखावतो आणि पायांना काही शिकायला मिळत नाही.

तळटीप :

वरील प्रतिसाद उत्तम आहे, मात्र जमिनीवर बसण्याचे जे गोडवे सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर गायले जातात त्याबद्दल थोडे लिहिणे आवश्यक वाटते. ब्राझीलमधील डॉक्टर क्लाउदिओ जिल आराउजो यांच्या गटाचा 2012 मधला अभ्यास त्यासाठी हमखास पुढे केला जातो. त्यात 51 ते 80 वर्षे वयाच्या 2002 लोकांना अनवाणी जमिनीवर बसून पुन्हा उठायला सांगितले होते. बसण्याचे पाच आणि उठण्याचे पाच असे दहा गुण. हात, गुडघा असा प्रत्येक आधार घेतला की एक गुण वजा आणि तोल डगमगला की अर्धा. पुढच्या साधारण सहा वर्षांत सर्वांत कमी गुणांच्या गटात मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक गुणांच्या गटाच्या पाचपटीहून अधिक आढळले. यावरून ‘जमिनीवर बसा आणि दीर्घायुषी व्हा’ असा निष्कर्ष निघत नाही. ज्याला हृदयविकार, संधिवात किंवा अशक्तपणा आहे त्याला उठणे जड जाणारच, आणि त्याचे आयुष्यही त्या आजारांमुळेच कमी होऊ शकते. चाचणी शरीराची स्थिती सांगते. चाचणीत गुण मिळवणे म्हणजे उपचार नव्हे.

दुसरी बाजूही पाहावी. बीजिंगमधल्या वृद्धांच्या पाहणीत असे आढळले की तरुणपणी जे रोज कित्येक तास उकिडवे बसत, त्यांच्यात गुडघ्याच्या झिजेचे प्रमाण अधिक होते, आणि त्याच शहरात खुब्याची झीज मात्र अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांच्या तुलनेत फारच कमी होती. आपल्याकडे भातलावणी किंवा खुरपणी करण्यात आयुष्य गेलेल्या बायकांना विचारले तर गुडघ्यांबद्दल त्या बरेच काही सांगतील. तेव्हा शेजारचे गृहस्थ पूर्ण चुकीचे नाहीत. फक्त तासन्‌तास ओझ्यानिशी उकिडवे बसणे आणि जेवणापुरती वीस मिनिटे मांडी घालणे यांची गल्लत ते करत आहेत.

पायवाट :

माझे वय 68 असून दोन्ही गुडघ्यांची सांधेबदल शस्त्रक्रिया झालेली आहे. धागा वाचून कोणी उत्साहाने खाली बसू लागण्यापूर्वी आमच्यासारख्यांची बाजू मांडतो. शस्त्रक्रियेनंतर गुडघा बहुधा 110 ते 120 अंशांपर्यंत वाकतो, त्यामुळे मला मांडी आणि उकिडवी बैठक दोन्ही टाळायला सांगितलेले आहे आणि मी ते कसोशीने पाळतो. ज्यांचा खुबा बदललेला आहे त्यांना, विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत, खुब्यात काटकोनापेक्षा अधिक वाकणे आणि पायावर पाय टाकणे सहसा वर्ज्य असते, कारण सांधा निखळण्याची भीती असते. अशा सर्वांनी आपल्या शल्यविशारदांना विचारल्याशिवाय काहीही करू नये.

परंतु मांडी गेली म्हणून उठण्याचा सराव सोडण्याचे कारण नाही, हे मणका यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. मी खुर्चीवरचा तो व्यायाम नियमितपणे करतो आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली जाड गादीवर गुडघे टेकून तिथून खुर्चीच्या आधाराने उठायलाही शिकलो आहे. आमच्या भजनी मंडळात आता भिंतीलगत चार खुर्च्या कायम मांडलेल्या असतात. सुरुवातीला तिथे बसायला संकोच वाटे. पण पखवाज वाजवणारे ज्येष्ठ स्वतःच एके दिवशी खुर्चीवर जाऊन बसले आणि तो विषय संपला. तुमच्या वडिलांनी निमंत्रणे टाळण्यापेक्षा पूजेला चौरंगावर बसावे असे यजमानांनी आणि गुरुजींनी मिळून ठरवले, तर त्यात कोणाचीच हरकत नसते.

ओसरी :

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना हे वाचून दाखवले. खुर्चीची चाचणी त्यांनी लगेच करून पाहिली आणि आकडा बारापेक्षा कमीच आला, त्यामुळे ते आता स्वतःच जिद्दीला पेटले आहेत. मणका ताई, दोन शंका आहेत. खाली बसून उठल्यावर त्यांना कधीकधी क्षणभर अंधारी येते. तसेच थोडा वेळ मांडी घातली की उजव्या पायाला मुंग्या येतात. हे व्यायाम करताना चालू ठेवायचे का?

मणका :

अंधारी येण्याकडे दुर्लक्ष करू नका. उभे राहिल्यावर रक्तदाब एकदम उतरण्याचे ते लक्षण असू शकते आणि रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या ज्येष्ठांत ते पुष्कळदा आढळते. पाच मिनिटे आडवे झोपवून रक्तदाब मोजावा, मग उभे राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावा. वरचा आकडा 20 किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा 10 किंवा त्याहून अधिक उतरला, तर त्या नोंदी घेऊन डॉक्टरांकडे जावे. गोळीचे प्रमाण किंवा वेळ बदलायची की नाही हे तेच ठरवतील, घरी गोळी बंद करू नये. तोपर्यंत जमिनीचा सराव थांबवावा. खुर्चीचा सराव कोणी शेजारी असतानाच करावा आणि उठल्यावर लगेच चालू न लागता खुर्चीची पाठ धरून थोडे थांबावे.

मुंग्यांचे कारण बहुधा साधे आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडे खाली, एक नस हाडावरून अगदी वरवर जाते आणि मांडी घातल्यावर ती कठीण फरशीवर दाबली जाते. खाली जाड सतरंजी घ्यावी, दहा-पंधरा मिनिटांनी पाय बदलावा, लांब करावा. हरिपाठाला बसणारे जुनेजाणते लोकही एकाच बैठकीत खिळून बसत नाहीत, सारखी चुळबुळ करतात, आणि ते योग्यच करतात. मात्र पाय बधिर असताना उठून चालू नये, कारण पाऊल मुरगळून पडायला तेवढे पुरते. पाय सरळ केल्यावरही मुंग्या जात नसतील, पाऊल वर उचलताना अशक्तपणा जाणवत असेल किंवा कमरेतून पायात कळ उतरत असेल, तर तपासणी करून घ्यावी.

रक्तदाबाचा प्रश्न मिटल्यावर आणि चौरंगापर्यंत मजल गेल्यावर रांगण्याच्या स्थितीतून खुर्चीच्या आधाराने उठण्याचा सराव मात्र जरूर सुरू करा, मग मांडी जमो वा न जमो. केंब्रिजमध्ये नव्वदीच्या पुढच्या लोकांची वर्षभर नोंद ठेवली गेली होती. त्यात जे पडले त्यांच्यापैकी 80 टक्के लोकांना किमान एकदा तरी स्वतःहून उठता आले नव्हते आणि 30 टक्के लोक एक तास किंवा त्याहून अधिक वेळ जमिनीवर पडून राहिले होते. तुमचे वडील दुपारी घरी एकटे असतात का, ते तुम्ही लिहिलेले नाही. असतील तर मोबाइल टेबलावर न ठेवता खिशात ठेवण्याची सवय त्यांना आजपासूनच लावा.