जुन्या पत्रावरचं ५ पैशांचं जादा तिकीट, आणि १९७२ मधे एक कोटी माणसं परत गेली कशी?

माळ्यावरची_पेटी

मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

दिवाळीच्या साफसफाईत वाईच्या घरी माळ्यावर तारेला ओवलेला पत्रांचा गठ्ठा सापडला. जुन्या घरांतून असायची ना तशी तार, खाली लाकडी चकती आणि वर आकडा. बहुतेक पत्रं लग्न, मयत, पाऊस किती झाला, अमक्या मुलीसाठी स्थळ बघा, असली. पण जानेवारी ७२ च्या एका आंतर्देशीयावर छापील तिकिटाच्या शेजारी अजून एक ५ पैशांचं तिकीट चिकटवलंय, लाल, कुटुंब नियोजनाचं, आणि त्याच्यावर 'शरणार्थी सहायता' असं छापलंय, हिंदीत आणि इंग्रजीत. आत धाकट्या चुलत आजोबांनी शेवटी लिहिलंय की या पाच पैशांपायी इथून पुढे कार्डच टाकत जाईन, तुम्हीही तसंच करा. आमच्या घराण्याचा स्वभाव एका ओळीत आला.

तर पहिला प्रश्न, हे तिकीट काय प्रकार होता. पण खरा प्रश्न पुढे आहे. थोडं वाचलं तर कळलं की ७१ मधे पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आताच्या बांगलादेशातून, पाकिस्तानी सैन्याच्या भीतीने जवळजवळ एक कोटी लोक आपल्याकडे आले आणि ७२ च्या मार्चपर्यंत जवळपास सगळे परत गेले. एक कोटी! अडीच-तीन महिन्यांत! इकडे म्यानमारमधले रोहिंग्या २०१७ ला सात लाखांच्या वर बांगलादेशात आले, करार झाला, याद्या झाल्या, आणि अजून तिथेच आहेत. मग ७२ ला काय वेगळं होतं? मदत चांगली मिळाली म्हणून गेले, की गुपचूप हाकलले? कोणाच्या घरी काही आठवणी असतील तर लिहा प्लीज.

गोंदवाला

तिकिटापुरतं मी सांगतो, ४० वर्षं तोच उद्योग केलाय.

१५ नोव्हेंबर १९७१ पासून ३१ मार्च १९७३ पर्यंत टपालावर ५ पैसे निर्वासित मदत कर होता. पोस्टकार्डाला माफ, म्हणून तुमच्या चुलत आजोबांचं गणित एकदम बरोबर आहे हाहा. सरकारला घाई इतकी की नवीन चित्राचं तिकीट तयार व्हायच्या आधीच चालू असलेल्या ५ पैशांच्या कुटुंब नियोजनाच्या तिकिटावर नाशिकरोडच्या प्रेसमधे वरून छापून घेतलं, ते तुमच्याकडे आहे. तेही सगळीकडे वेळेत पोचलं नाही, त्यामुळे काही ठिकाणी स्थानिक पातळीवर छापून किंवा शिक्के मारून भागवलं आणि आम्ही संग्राहक लोक आजपर्यंत त्या शिक्क्यांच्या खऱ्याखोट्यावरून भांडतोय. १ डिसेंबरला मग निर्वासितांचं चित्र असलेलं खास तिकीट आलं. रेल्वे आणि विमान भाड्यावरही त्याच सुमारास कर बसवला होता. म्हणजे वाईतल्या माणसाने सुद्धा बनगावच्या (बंगालमधलं सीमेवरचं गाव, तिथे छावण्या होत्या) तंबूला पाच पैसे दिले, कुरकुरत का होईना.

आकड्याबद्दल जाणकार बोलतील.

सॉल्टलेकची_माहेरवाशीण

माझं बालपण कलकत्त्याचं, बाबा तिथे नोकरीला होते. आज सॉल्टलेक म्हटलं की ऑफिसं आणि मॉल डोळ्यासमोर येतात, तेव्हा तो भराव घातलेला माळ होता नुसता, आणि सांडपाण्याचे सिमेंटचे मोठमोठे पाइप येऊन पडलेले. त्या पाइपांत माणसं राहत होती. एका पाइपात एक कुटुंब. मी सात वर्षांची होते, आईबरोबर कपडे वाटायला गेले होते, एका पाइपाच्या तोंडाला साडीचा पडदा लावलेला आणि आतल्या बाईने बाहेर विटांची चूल मांडून समोरची जमीन चक्क सारवलेली. पाइपासमोर सारवण! आई घरी येऊन त्या सारवणाबद्दलच बोलत राहिली, बाकी सगळं बाजूला.

सरकारी हिशोब साधारण ९९ लाखांचा आहे. त्यातले जवळपास ६८ लाख ८२५ छावण्यांमधे आणि ३१ लाख नातेवाईक, ओळखीचे यांच्याकडे. ७५ लाखांच्या आसपास एकट्या पश्चिम बंगालमधे. पण त्रिपुराचं कोणी बोलत नाही बघा, तिथली स्वतःची लोकसंख्या साडेपंधरा लाख आणि आले चौदा लाख. घरात चार माणसं असताना जवळपास चार पाहुणे यावेत आणि नऊ महिने राहावेत असा हिशोब.

परत जाण्याचं म्हणाल तर माझ्या आठवणीत ते कोणी 'पाठवलं' असं नाहीच, निदान सुरुवातीला. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याची शरणागती झाली आणि लोकांनी सरकारची वाट न बघता चालायला सुरुवात केली. जानेवारीत सरकारी व्यवस्था लागली, ट्रक, खास रेल्वेगाड्या, वाटेत खायला, औषधपाणी, आणि दोन आठवड्यांचा शिधा बरोबर. तरी कितीतरी लोक पायी, सायकलवर, हातगाडीवर सामान घालून. कलकत्त्याहून सीमेकडे जाणाऱ्या जेसोर रोडवर नऊ महिन्यांपूर्वी इकडे येणारी रांग होती तीच आता उलटी. एका दिवसात दोन लाखांच्या वर माणसं सीमा ओलांडून गेली असा दिवसही आहे त्यात. जानेवारी संपेपर्यंत साठ लाख गेले होते. मार्चच्या शेवटाला भारत सरकारच्या मते साठ हजारांच्या आसपास उरले.

आणि जाताना सामान काय, तर छावणीत मिळालेलं अ‍ॅल्युमिनियमचं भांडं, घोंगडी, आणि तंबूचं प्लास्टिक. ते प्लास्टिक कोणी सोडलं नाही, कारण तिकडे छप्पर जळालेलं असणार हे सगळ्यांना माहीत होतं.

गावचा_डॉक

वरच्या ताईंचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. मी अवांतर करतो, पण तसं अवांतर नाही, कारण परत जायला माणूस आधी जिवंत पाहिजे.

७१ च्या जून महिन्यात छावण्यांत कॉलरा फुटला. बनगावच्या हॉस्पिटलात दोन खोल्या, १६ खाटा, आणि पेशंट जमिनीवर, त्यांच्याच घाणीत. डॉ. दिलीप महालनबीस तिथे पोचले तेव्हा शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं आणि ते लावायला शिकलेली माणसंही नव्हती. तेव्हा कॉलऱ्याला शिरेतून सलाइन हाच उपचार मानायचे, तोंडाने पाणी ही वरची मलमपट्टी. या माणसाने ठरवलं की तोंडानेच द्यायचं. एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. कलकत्त्यात मोजून पुड्या बांधायच्या, प्लास्टिकच्या पिशव्यांची तोंडं गरम इस्त्रीने चिकटवायची, बनगावला नेऊन ड्रममधे कालवायचं, आणि पेशंटच्या आईला, नवऱ्याला, जो कोण जवळ असेल त्याला सांगायचं की कप भर आणि पाजत राहा. नर्स नाही, सुई नाही. छावण्यांत मृत्यूचं प्रमाण शंभरातले तीसपर्यंत गेलं होतं ते यांच्याकडे ३.६ वर आलं. पुढे सगळ्या जगाने तेच उचललं. ते २०२२ मधे गेले आणि पद्मविभूषण २०२३ ला मिळालं. मरणोत्तर. असो, त्यावर मी काही बोलत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात असताना जुलाबाच्या साथीत आयांना हेच सांगायचो आणि त्या म्हणायच्या डॉक्टर सुई द्या ना, पाणी काय पाजताय.

शंकासुर

सगळं छान चाललंय, मी जरा मिठाचा खडा टाकतो.

एक, आकडे. छावणीतले लोक रेशन कार्डावर होते, कार्ड जमा केलं की माणूस गेला असं धरता येतं. पण जे ३१ लाख मामाकडे, मेव्हण्याकडे राहत होते त्यांनी जाताना कुठे सही केली? त्यामुळे 'साठ हजारच उरले' हा आकडा मी तरी चिमटीत धरूनच घेतो. बहुसंख्य गेले यात वाद नाही.

दोन, सरकारने पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं की २५ मार्च ७१ नंतर आलेल्यांना इथे ठेवणार नाही, मदत तात्पुरती आहे. जमीन नाही, नागरिकत्व नाही. युद्ध संपल्यावर शिधा किती दिवस चालू राहणार हे लोकांना न सांगता कळत होतं. तेव्हा 'स्वखुशी' हा शब्द जरा सांभाळून. राजी होतेच, पण थांबायचा दुसरा रस्ता कोणी ठेवलाही नव्हता.

तीन, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, परत गेले म्हणजे घरी गेले असं होत नाही. आलेल्यांत हिंदू बहुसंख्य होते. ६५ च्या युद्धापासून पाकिस्तानात 'शत्रू संपत्ती'चा कायदा होता, सीमेपलीकडे गेलेल्याची जमीन सरकारजमा. नवा देश झाला, तर ती जमीन मोकळी व्हायला हवी होती ना? झालं काय, तर तीच आधी सरकारकडे वर्ग झाली आणि ७४ ला कायद्याचं नाव बदलून 'अर्पित संपत्ती' झालं. अर्पित! कोणी अर्पण केली होती? परत देण्याचा कायदा यायला २००१ उजाडलं. म्हणजे बाई परत जाऊन आपल्या परसात उभी राहते आणि कागद म्हणतो हे परस तुझं नाही.

चार, ढाक्याच्या मोहम्मदपूरमधे जिनिव्हा कॅम्प आहे, उर्दू बोलणारे, ज्यांना सगळे बिहारी म्हणतात. त्यांचं 'परत' म्हणजे पाकिस्तान, आणि पाकिस्तानने थोडेच घेतले. बाकीच्यांना बांगलादेशी नागरिक म्हणायला हायकोर्टाचा निकाल लागला तो २००८ मधे. त्याच युद्धाचे, त्याच वर्षीचे, आणि तिसरी पिढी कॅम्पात. ही बाजूही धाग्यात हवी.

सॉल्टलेकची_माहेरवाशीण

@शंकासुर, जमिनीबद्दल शंभर टक्के. 'स्वखुशी'बद्दल थोडं भांडते. सारवणवाली बाई युद्ध संपल्याची बातमी आली त्या आठवड्यातच गेली असं आई सांगायची, तेव्हा ना ट्रक लागले होते ना शिधा बंद झाला होता. धानाचा हंगाम होता ना तो, शेत कोणी कापून नेलं असेल का हीच घाई सगळ्यांना. सरकारचा विचार करायला वेळ कुणाला होता.

शंकासुर

हे मान्य. शेताचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता.

चामोर्शीकर

गडचिरोलीतून नमस्कार. तुम्ही सगळे बनगाव आणि कलकत्ता करताय, आमच्याकडे या की. मुलचेरा, चामोर्शी तालुक्यांत बंगाली गावंच्या गावं आहेत. हे लोक पण पूर्व पाकिस्तानातलेच, पण साठीच्या दशकात आलेले. त्यांना सरकारने परत जा म्हटलं नाही, जंगल तोडून जमीन दिली, शाळा दिल्या. माझा वर्गमित्र त्यातलाच, घरी बंगाली, बाहेर आपली झाडीबोली फर्मास, तळ्यात मासे पाळतो. त्याच्या आजोबांचा गाव खुलना जिल्ह्यात. ७१ ला त्यांचे सख्खे भाऊ बंगालमधल्या छावणीत येऊन राहिले आणि ७२ ला परत गेले. म्हणजे एक भाऊ ६४ ला आला म्हणून महाराष्ट्रातला शेतकरी झाला आणि दुसरा सात वर्षं उशिरा आला म्हणून ट्रकमधे बसला. मित्र म्हणतो आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे की नशीब कोणाचं चांगलं ते मला ठरवता येत नाही, त्याच्याकडे गाव आहे आणि माझ्याकडे सातबारा.

आणि जाऊन भेटायचं म्हटलं तर पासपोर्ट, व्हिसा. दोघं भाऊ पुन्हा भेटले नाहीत.

गावचा_डॉक

रोहिंग्यांचं कोणीच बोललं नाही म्हणून दोन ओळी. २२ ऑगस्ट २०१९ ला बांगलादेशातल्या टेकनाफच्या रोहिंग्या कॅम्पबाहेर बस आणि ट्रक उभे होते, म्यानमारने साडेतीन हजारांच्या आत-बाहेर नावं मंजूर करून दिलेली. एकही माणूस चढला नाही. त्याच्या आधी नोव्हेंबर २०१८ लाही तेच. ७२ ला लोक ट्रकची वाट न बघता चालत सुटले आणि इथे ट्रक लोकांची वाट बघत दिवसभर उभे. धागाकर्त्याने विचारलंय मदतीचा फरक का, तर मला वाटतं मदत दोन्हीकडे होती, बांगलादेशात तर जास्त संघटित. पण ७२ ला ज्याच्या भीतीने पळाले ते सैन्य कैदेत होतं, १० जानेवारीला त्यांचे नेते शेख मुजीब ढाक्यात उतरले होते. म्यानमारमधे पळवणारेच यादी मंजूर करतायत, आणि नागरिकत्वाचा कागद द्यायला तयार नाहीत. कोण चढेल त्या बसमधे? मी तर नसतो चढलो.

माळ्यावरची_पेटी

बापरे, एवढं सगळं निघेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

आजीला फोन केला, ती ८८ वर्षांची आहे. म्हणाली हो, आठवतंय, पेठेत जुने कपडे गोळा करत फिरायचे, मी तुझ्या आजोबांचा चांगला कोट दिला आणि ते आठ दिवस बोलले नाहीत. कोट कुठे गेला ते विचारू नका. @चामोर्शीकर, तुमच्या मित्राच्या आजोबांचं वाक्य तिला वाचून दाखवलं, बराच वेळ गप्प होती आणि मग मला म्हणाली ती पत्रं टाकू नकोस.

@गोंदवाला, ते तिकीट पाण्यात भिजवून सुटं काढू का? वहीत लावायचं आहे.

गोंदवाला

अहो नाही!! हात लावू नका. पत्रासकट ठेवा, ज्या आंतर्देशीयावर त्या पाच पैशांची तक्रार लिहिलीय त्यावरच ते तिकीट शोभतं. ऊन लागू देऊ नका, सेलोटेप तर अजिबात नको, आणि तारेतून काढताना भोक फाटणार नाही एवढं बघा.