मदत हवी आहे : गावात अल्झायमर कसं समजावून सांगू?
मंडळी, आमच्या मोठीमायले अल्झायमर (मेंदूचा, विसरत जायचा आजार) आहे, अकोल्याच्या न्यूरोवाल्या डॉक्टरनं सांगितलं, बी-१२ अन् थायरॉइड पण चेक झालं ते नॉर्मल. पण गावात कोणी म्हणते बाहेरचं लागलं, कोणी म्हणते म्हातारचळ. परवा चुलीवर रिकामा गंज तसाच ठेवून तुरीच्या धुऱ्यानं निघून गेली, लोकं पाहत राहिले, कोणी हटकलं नाही! २१ सप्टेंबरले जागतिक अल्झायमर दिन असते, तवा आशाताईले घेऊन ग्रामपंचायतीत छोटा कार्यक्रम करायचं डोक्यात आहे (भाषणं नाही ठेवत, लोकं उठून जातात). वऱ्हाडीत समजेल असा व्हिडिओ, पोस्टर कोणाजवळ आहे का? अन् ज्येष्ठांच्या १४५६७ हेल्पलाइनवर कोणी बोललं असंन तर सांगा, रात्रभर जागणाऱ्या पेशंटले कसं सांभाळता तेही.